पट्टे काढा, पण सरसकट नको

प्रश्न: डहाणूकर कॉलनीत आमचा तळमजला अधिक एक असा बंगला आहे, सासऱ्यांनी 2004 साली बांधलेला. बाहेरून सँड फेस प्लास्टर. स्लॅबच्या लेव्हलला सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड पट्टा फिरवलाय, एकूण साधारण 110 फूट. नऊ खिडक्यांना चार इंच रुंद, एक इंच जाड चौकटी काढल्यात. मुख्य दाराशेजारी दोन नक्षीदार खांब. 2016 मध्ये रंग दिला तेव्हा ठेकेदाराने गॅलरीखाली सहा ब्रॅकेट चिकटवून दिले, ते वेगळेच. पश्चिमेच्या तीन खिडक्यांवर छज्जा नाही, वर फक्त तीन इंच पुढे आलेली पट्टी आहे. मला हे सगळं काढून घर साधं, सपाट दिसायला हवंय. ठेकेदार म्हणतो, ब्रेकर लावून दोन दिवसांत साफ करतो, वर पुट्टी मारली की कळणारही नाही, दिवाळीच्या आत रंग. सासरे म्हणतात, पट्टे काढले की भिंतीत पाणी शिरणार. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: सासऱ्यांचं ऐका. सगळं नाही, पण निम्मं नक्की. घरावरचं हे काम एका जातीचं नाही. त्यातलं काही निव्वळ शोभेचं आहे, काही पाणी भिंतीपासून दूर टाकतंय आणि काही गवंड्याने मागे ठेवलेलं उणं झाकतंय. कोणतं काय करतंय हे कळल्याशिवाय ब्रेकर आणू नका. पुट्टीचा बेत तर सोडूनच द्या, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सुरुवात ड्रिल मशीनने करा. काँक्रीटचा 6 मिमी बिट घ्या, टोकापासून 80 मिमीवर चिकटपट्टीची खूण करा आणि पट्ट्याच्या दर्शनी अंगावरच भोक पाडा. तो जाणारच आहे, भोक लपवायची गरज नाही. खाली पांढरा कागद धरा आणि पूड बघत राहा. पांढरे मणी पडले तर आत थर्माकोल. करडी, रवाळ, सहज पडणारी पूड म्हणजे जागेवर फर्मा (नक्षीच्या आकाराचा साचा) ओढून केलेलं वाळू-सिमेंटचं काम. 2004 च्या बंगल्यावर बहुतेक हेच निघेल. थोड्याच खोलीवर तांबडी पूड आली तर विटाच पुढे काढून वर प्लास्टर केलंय. पूड करडी पण पिठासारखी बारीक, बिट जड चाललेला आणि भोकाच्या कडेला काचेचे तंतू दिसत असतील, तर तो जीआरसीचा, म्हणजे काचेचे तंतू घातलेल्या काँक्रीटचा, तयार तुकडा आहे आणि मागे बोल्ट असणार. काळपट पूड आणि अडत अडत जाणारा बिट म्हणजे काँक्रीट. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, त्यामुळे ही पूड ओळखायला सोपी जाते.

काळी पूड किती खोलीवर येते ते मोजा. तुमचा पट्टा दोन इंच, म्हणजे 50 मिमी, त्यामागे जुनं प्लास्टर 20 मिमीच्या आसपास. 70 मिमीनंतर काळी पूड आली तर काळजी नाही, ती मागची बीम. 15–20 मिमीवरच आली तर मात्र पट्टा म्हणजे स्लॅबचीच पुढे काढलेली कड आहे. ती तोडायची नाही. तोडली तर स्लॅबची सळई उघडी पडेल आणि चार-दोन पावसाळ्यांत गंजून फुगेल. एका भोकावर निष्कर्ष काढू नका. प्रत्येक बाजूला दोन-तीन ठिकाणी बघा, कारण पुढची बाजू एका गवंड्याने आणि मागची दुसऱ्याने केली असण्याची शक्यता असते.

आता त्या 110 फुटी पट्ट्याकडे येऊ, कारण खरं काम तिथेच आहे. स्लॅबच्या लेव्हलला काँक्रीटची बीम संपते आणि विटांचं बांधकाम सुरू होतं. ऊन-पावसात ही दोन्ही सारखी हलत नाहीत, त्यामुळे सांध्यावर आडवी भेग येतेच. पट्टा ती भेग झाकतो. तो काढून नुसतं गुळगुळीत प्लास्टर केलंत, तर पुढच्या उन्हाळ्यात घराभोवती पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ उमटेल आणि पावसाळ्यात पाणी त्याच रेघेतून आत येईल. सासरे जे म्हणतात ते या पट्ट्याच्या बाबतीत असं खरं आहे.

दुसरी भानगड सरळ डोळ्यांनी दिसत नाही. वरच्या आणि खालच्या मजल्याचं प्लास्टर वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या परांचीवरून झालेलं असतं. दोन्ही पृष्ठभाग एका रेषेत नसले की गवंडी मध्ये पट्टा ओढून मोकळा होतो. गच्चीच्या कठड्यावरून ओळंबा सोडा, दोरी भिंतीपासून चार इंच पुढे राहील अशी बांधा, आणि पट्ट्याच्या एक फूट वर व एक फूट खाली दोरी ते भिंत हे अंतर मोजा. दर पाच-सहा फुटांवर हे करा आणि आकडे भिंतीवरच खडूने लिहा. फरक 5 मिमीपर्यंत असेल तर नव्या प्लास्टरमध्ये मुरून जातो. 10–15 मिमी निघाला तर फूटभर रुंदीच्या पॅचमध्ये तो लपणार नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पश्चिमेची भिंत पोट सुटल्यासारखी दिसेल. मग एकतर खालच्या भागावर दोन-अडीच फूट उंचीत प्लास्टर उतरवत आणायचं, नाहीतर तो फरक मान्य करून तिथे खाच ठेवायची.

आमचं मत खाचेच्या बाजूने आहे, फरक असो वा नसो. पट्टा काढा आणि सांध्याच्या रेषेवर 10 मिमी रुंद, 8 मिमी खोल अशी सरळ खाच ठेवा. सांधा हललाच तर भेग खाचेच्या तळाशी पडते, डोळ्यांत येत नाही आणि सीलंटने बुजवता येते. दिसायलाही ती साधी बारीक रेघ असते, नक्षी नव्हे. तुम्हाला हवं तसं सपाट घर त्याने बिघडत नाही. खाचेचा खालचा काठ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवायला सांगा, नाहीतर तिथे पाणी साचून काळी शेवाळी रेघ धरते.

ज्या सहा खिडक्यांवर छज्जा आहे त्यांच्या चौकटी बिनधास्त काढा. फक्त आधी छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, पाणी तोडणारी खाच आहे का ते हात फिरवून बघा. नसेल किंवा रंगाच्या थरांनी भरून गेली असेल, तर परांची उभी आहे तोवर कटरने मोकळी करून घ्या.

पश्चिमेच्या तीन खिडक्यांची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात पावसाळ्याचा मारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि तुमच्या त्या खिडक्यांवर छज्जाच नाही. वरची तीन इंची पट्टी हाच त्यांचा छज्जा. ती काढू नका. नक्षी नकोशी असेल तर वळणं तासून सरळ पट्टी करून घ्या: तीन इंच पुढे, माथा बाहेर उतरता, खाली 10 मिमीची खाच. भिंतीच्याच रंगात रंगवली की ती नजरेत भरत नाही. बाजूच्या उभ्या चौकटी मात्र जाऊ द्या.

खिडकीची चौकट निघाली की ॲल्युमिनियमच्या फ्रेमशेजारी फट उघडी पडते. नक्षीकाम करणाऱ्याने ती आत न भरता वरून झाकलेली असते. तिथे फोमची गोल दोरी दाबून बसवा, मग वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट किंवा न्यूट्रल क्युअर, म्हणजे आंबट वास नसलेलं, सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन प्लास्टरला नीट धरत नाही, वर्षभरात सुटतं. खिडकीच्या खालचा ग्रॅनाइट चौकटीच्या बरोबरीत असेल तर तुमचा फायदाच आहे: चौकट गेली की तो इंचभर पुढे येईल आणि पाणी भिंतीपासून दूर टाकेल.

दाराशेजारच्या खांबांना हात लावण्याआधी गच्चीवर जा. पावसाच्या पाण्याचा पाइप कुठून खाली उतरतो ते बघा. तो दिसतच नसेल तर गच्चीच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी खांबाला कान लावून उभं करा. शोभेच्या खांबात पाइप लपवणं ही जुनी युक्ती आहे आणि कटर पाइपात गेला तर दुरुस्ती खांबापेक्षा महाग पडते. दुसरी शक्यता अशी की खांब खरोखरच काँक्रीटचा कॉलम असेल आणि वर फक्त नक्षी असेल. मंजूर नकाशावर कॉलम कुठे आहेत ते तपासा, वरची ड्रिलची परीक्षा इथेही करा. कॉलम निघाला तर वरची नक्षी तेवढी काढायची, कॉलमला स्पर्श नाही. गॅलरीखालच्या ब्रॅकेटचीही आधी वाजवून खात्री करा. ‘टक्’ असा भरीव आवाज आला आणि पूड काळी पडली तर तो गॅलरीचा आधार असू शकतो, आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पण 2016 चे चिकटवलेले ब्रॅकेट थर्माकोलचेच असावेत. ते ओढून काढू नका. वरची जाळी आणि रंगाचा पापुद्रा भिंतीवर चढवलेला असतो, तो सालासकट हातभर फाटत जातो. आधी भिंतीलगत कटर ब्लेडने चारही बाजूंनी कापा, मग हॅक्सॉची पाती मागे घालून ब्रॅकेट सोडवा. मागे उरलेला चिकट सिमेंटचा थर कप व्हीलने (ग्राइंडरला लावायच्या वाटीसारख्या चकतीने) घासा. थिनर किंवा पेट्रोल लावायचा मोह टाळा. थर्माकोल विरघळतं आणि चिकट लगदा प्लास्टरच्या रंध्रांत बसतो, मग त्यावर रंग धरत नाही. स्क्रू आणि प्लॅस्टिकचे गट्टू बाहेर काढा. कुठे बोल्ट असतील तर पृष्ठभागाच्या 10 मिमी आत कापा, झिंक प्रायमर लावा, मग पॉलिमर मॉर्टरने बुजवा. लोखंड वरवर राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात खाली तांबूस ओघळ येतात.

पट्टा काढण्याची रीत अशी. परांची दोन रांगांची हवी, भिंतीत बांबू खुपसून उभी केलेली नको. नाहीतर शेवटी भोकं बुजवण्याचं काम वाढतं. महावितरणची सर्व्हिस वायर परांचीजवळून जात असेल तर आधी ती हलवून किंवा बंद करून घ्या. बाहेरच्या दिव्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या पट्टीतून गेलेल्या वायरींचे एमसीबी खाली करा. कटरला आरसीसीबीमधूनच, म्हणजे वीज गळताच बंद पडणाऱ्या स्विचमधूनच, वीज द्या. मास्क एन-95, चष्मा आणि कटरचं गार्ड यात सवलत नाही. सिमेंट-वाळूची ही धूळ फुप्फुसात बसते, रुमाल बांधून थांबत नाही.

पट्ट्याच्या वर तीन इंच आणि खाली तीन इंच अशा दोन आडव्या रेषा दोरीने मारा. डायमंड ब्लेडने दोन्ही रेषांवर प्लास्टरच्या जाडीइतका, 15 ते 20 मिमी, काप घ्या. या कापांमुळे हातोड्याचा हादरा उरलेल्या प्लास्टरपर्यंत जात नाही, आणि याच कारणाने ते आधी घ्यायचे. बीमवर काप खोल जाऊ देऊ नका. मग पट्ट्यावर दर सहा इंचांवर उभे काप घ्या. 110 मिमीचा मार्बल कटर जेमतेम 30 मिमी आत जातो, तेव्हा 50 मिमी जाडीचा पट्टा दोन टप्प्यांत काढावा लागतो: आधी बाहेरचा थर, मग पुन्हा काप, मग आतला. छिन्नी चपटी, सव्वा-दीड इंच रुंद, हातोडी किलोभराची. छिन्नी उभ्या कापात घालून भिंतीच्या समांतर, बाजूला मारायची. भिंतीच्या दिशेने मारायची नाही. सहा इंची भिंतीवर ब्रेकर सरळ रोखला की बाहेरचा पट्टा पडतो आणि आतल्या बाथरूमच्या टाइल्सही सुटतात. पट्टा फार चिवट निघाला तर तीन-चार किलोचं हलकं चिपिंग मशीन चालेल, तेही तिरपं धरून.

काम वरून खाली करा, दोन कापांमधलं जुनं प्लास्टरही विटेपर्यंत आणि बीमपर्यंत काढून टाका. फूटभर रुंदीची ही जागा पुढे जाळी बसवायला लागते. नंतर उरलेल्या भिंतीवर छिन्नीच्या मुठीने टकटक करत जा. पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करा आणि तेवढा तुकडा चौकोनी कापून काढा. आज कंजूषपणा केला तर तोच तुकडा रंगासकट नंतर सुटेल.

खिडक्यांच्या एक इंची चौकटींना एवढा पसारा नको. तिथे उभे काप देऊन नक्षी उडवायची, शेवटचे तीन-चार मिमी डायमंड कप व्हीलने घासून जुन्या प्लास्टरच्या पातळीला आणायचे. खालचं प्लास्टर घट्ट असेल तर ते राहू द्या, वर पॉलिमर मॉर्टरचा 4–5 मिमीचा थर पुरतो.

आता भरणं. वीट आदल्या संध्याकाळी भिजवा. प्लास्टरच्या वेळी वीट ओलसर हवी, पाणी ओघळणारी नको. बीमच्या काँक्रीटला दीड-दोन इंचांवर टाचे (छिन्नीचे उथळ घाव) मारा, तारेच्या ब्रशने धूळ काढा, मग एसबीआर लॅटेक्स (जुन्या-नव्या थरांना जोडणारं रबरी द्रावण) आणि सिमेंटची स्लरी डब्यावरच्या प्रमाणात लावा. स्लरी बोटाला चिकटते आहे तोवरच प्लास्टर चढलं पाहिजे. सकाळी सगळीकडे स्लरी फासून ठेवायची आणि जेवणानंतर प्लास्टर सुरू करायचं हा प्रकार साइटवर सर्रास चालतो. वाळलेली स्लरी दोन थरांना जोडत नाही, वेगळं करते. अशा जागी प्लास्टर पत्र्यासारखं सुटून येतं.

पहिला थर 12 मिमी, सिमेंट आणि वाळू 1:4. सिमेंटच्या प्रत्येक 50 किलोच्या पिशवीमागे वॉटरप्रूफिंग लिक्विड, साधारणपणे 200 मिली, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. थर ओला असतानाच अल्कली-रेझिस्टंट फायबर मेश (सिमेंटमध्ये खराब न होणारी काचतंतूंची जाळी) सांध्याच्या वर सहा इंच, खाली सहा इंच अशी दाबून बसवा. चिकन मेशही चालते, पण बाहेरच्या भिंतीवर ती कुठे ना कुठे गंजते. थापीच्या टोकाने वर रेघोट्या मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी 8 मिमीचा दुसरा थर, आणि त्यातच लाकडी पट्टी दाबून खाच काढायची. 20 मिमी एका दमात चढवलं की ते स्वतःच्या वजनाने खाली सरकतं आणि वरच्या काठाला भेग सोडतं. मजबुती म्हणून दुसऱ्या थरात सिमेंट वाढवू देऊ नका. वरचा थर खालच्यापेक्षा कडक झाला की आकसताना जाळीदार भेगा पडतात. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा, आटला म्हणून पुन्हा पाणी घालून ढवळायचा नाही.

वाळूचा प्रश्न पुण्यात आता नाजूक झालाय. तुमचं 2004 चं प्लास्टर नदीच्या वाळूचं असणार, गोलसर दाण्याचं. आज साइटवर येते ती बहुतेक क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, तिचे दाणे टोकदार. एकाच हाताने, एकाच स्पंजने काम केलं तरी पॅचचा पोत वेगळा दिसतो. म्हणून घराच्या मागच्या बाजूला फूट बाय फूट नमुना करून बघा. चाळणी बदला, स्पंज बदला, कमी-जास्त दाबा, जुन्या भिंतीशी जुळेपर्यंत. वाळूत माती किती ते काचेच्या बरणीत तपासता येतं: एक तृतीयांश वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर ती वाळू परत पाठवा.

माल किती लागेल? 110 फूट लांब, एक फूट रुंद, 20 मिमी जाड, म्हणजे 110 चौरस फूट. वाया जाणारं धरून सिमेंटच्या दोन पिशव्या आणि वाळू सुमारे दहा घनफूट, म्हणजे ब्रासचा दहावा भाग. ठेकेदाराने यासाठी एक ब्रास वाळू लिहिली असेल तर उरलेली कुठे जाणार ते विचारा. वाळूची कटकट नको असेल तर रेडी मिक्स प्लास्टरच्या 40 किलोच्या नऊ-दहा पिशव्या पुरतील. खिडक्यांच्या पॉलिमर मॉर्टरचा हिशेब वेगळा धरा.

प्लास्टर झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, दिवसातून तीनदा पाणी. पश्चिमेच्या भिंतीवर ओलं गोणपाट लटकवा, तिथे दुपारी दोन तासांत ओल उडते.

आता पुट्टीचं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून दीड मिमी जाडीपर्यंत लावायची असते. ब्रेकरने फोडलेल्या जागेत 10–20 मिमीचे खड्डे पडतात. ते पुट्टीने भरले की दिसायला सुरेख दिसतं, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी मागे गेलं की ती भरणी वड्या पडाव्यात तशी सुटते. त्यात तुमचं घर सँड फेस आहे, म्हणजे जिथे पुट्टी तिथे गुळगुळीत पट्टा आणि आजूबाजूला रवाळ भिंत. पट्टा काढून पट्ट्याचीच सावली विकत घ्यायची झाली ती.

दिवाळीच्या आत रंग हाही हट्ट सोडा. पावसाळा संपतो तेव्हा भिंती आतून ओल्याच असतात. काम दिवाळीनंतर सुरू करा, नोव्हेंबरात पट्टे काढून प्लास्टर होईल. नव्या प्लास्टरला रंगाआधी 28 दिवस द्यावे लागतात, त्याआधी त्यातला अल्कलीचा अंश रंग खातो आणि लोणाही वर येतो. त्यामुळे रंग जानेवारीत. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद पॅचवर चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी आतून थेंब दिसले तर आणखी थांबा. एप्रिल-मे मध्ये हे काम काढू नका. प्लास्टर पाणी पिण्याआधीच सुकतं.

रंग फक्त पॅचवर देऊन भागत नाही. जुना रंग उन्हाने उडालेला असतो, त्याच कोडचा नवा रंग शेजारी ठळक दिसतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या: आधी एक हात एक्स्टिरिअर प्रायमर, मग दोन हात एक्स्टिरिअर इमल्शन. प्रायमरनंतर, परांची उतरवण्याआधी, अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला समांतर धरून पॅचवरून फिरवा. दिवसा न दिसणारे सगळे उंचवटे तेव्हा दिसतात, आणि तासायची तीच शेवटची संधी असते.

राडारोड्याचा अंदाज लागतोच. पट्टा सुमारे अर्धा टन, खिडक्यांच्या चौकटी सव्वादोनशे किलोच्या आसपास आणि पट्ट्यामागचं काढलेलं प्लास्टर जवळजवळ चारशे किलो. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत 25 किलो भरलं तर पंचेचाळीसेक पिशव्या होतात. जास्त भरल्या तर परांचीवरून उतरवताना फाटतात. पोती नाल्यात किंवा टेकडीच्या कडेला टाकून येणारे टेम्पो भरपूर आहेत. महापालिकेच्या राडारोडा संकलनाची सोय वापरा आणि थर्माकोल वेगळं द्या. साध्या प्लास्टर-रंगाला बांधकाम परवानगीची गरज नसते, पण तुमचा प्लॉट सोसायटीच्या लेआउटमध्ये असेल तर आधी एक पत्र देऊन ठेवा.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर सहा खिडक्यांच्या चौकटी न काढता भिंतीच्या रंगात रंगवून बघा. रंगाचा फरक गेला की एक इंचाची जाडी रस्त्यावरून फारशी जाणवत नाही. पट्टा, खांब आणि ब्रॅकेट गेल्यावर तुम्हाला त्या अजून खुपल्या तर पुढच्या वर्षी काढता येतील.

ठेकेदार हाच ठेवायचा असेल तर कोटेशन नव्याने मागवा. काढणं, प्लास्टर आणि रंग यांचे दर वेगवेगळे, पट्ट्याचा दर रनिंग फुटावर. जाळी, एसबीआर आणि खाच यांचा उल्लेख स्वतंत्र ओळीत हवा. खिडक्या कोणत्या काढायच्या आणि कोणत्या ठेवायच्या ते बाजूनिहाय लिहून घ्या, पश्चिमेच्या तीन पट्ट्या ‘काढायच्या नाहीत’ असं स्पष्ट. शेवटचे दहा टक्के पुढच्या जूनमधला पहिला जोरदार पाऊस होऊन, आतल्या भिंतींवर हात फिरवून बघितल्यावर द्यायचे, हेही त्याच कागदावर.